चारशे सतराचा बिल्ला

दत्तोबाच्या घरी मी पहिल्यांदा पाणी मागितलं, तेव्हा त्यानं पाण्याचा मग भरला, माझ्यासमोर धरला आणि मी हात पुढे केल्यावर मागे घेतला. म्हणाला, "बिल्ला?"

मला वाटलं, गंमत करतोय. मी हसलो. तो हसला नाही. दत्तोबा हसत नसेच. त्याच्या मिशांना त्याची सवय नव्हती. त्या दिवशी तर त्याच्या अंगात हिवताप होता. दोन घोंगड्या पांघरून, दात कडकड वाजवत हा माणूस उंबऱ्यात उभा. एका हातात जर्मनचा मग, दुसरा हात बिल्ल्यासाठी पुढे केलेला. आणि चिंचवडहून भोसरीपर्यंत भर दुपारी सायकल मारत आलेला मी, तहानेनं व्याकूळ. शेवटी मीच हरलो. खिशातून कंपनीचा पितळी बिल्ला काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो मगाच्या खिळ्याला अडकवला, मग मला पाणी मिळालं. पिऊन झाल्यावर त्यानं मग उलटा करून बूड पाहिलं, कान हलवून पाहिला, आणि तो खिळ्यावर टांगून बिल्ला माझ्या हातात परत दिला.

"पोचे पाडत्यात लोक," तो म्हणाला आणि पुन्हा थरथरायला मोकळा झाला.

ज्यांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी बिल्ल्याचं शास्त्र सांगून टाकतो. आमच्या कंपनीत प्रत्येकाला स्वतःच्या नंबराचे पाच पितळी बिल्ले मिळायचे, मोठ्या नाण्याएवढे, वर भोक पाडलेले. माझा नंबर चारशे सतरा. टूल स्टोअरच्या खिडकीत बिल्ला द्यायचा, हवं ते हत्यार घ्यायचं. हत्याराच्या जागी खिळ्याला बिल्ला लटकतो. हत्यार परत केलं की बिल्ला परत. एवढंच. प्रत्येक कारखान्यात ही पद्धत असते आणि प्रत्येक कारखान्यात ती चालवणारा माणूस संध्याकाळी घरी जाताना ती तिथंच ठेवून जातो. दत्तोबा ती घरी घेऊन जायचा.

त्या खिडकीत त्याचा चेहरा चौकटीत बसवलेल्या तसबिरीसारखा दिसे. पांढरी टोपी, गळ्यात माळ, कपाळावर बुक्का, आणि मागे खिळेच खिळे. प्रत्येक खिळ्याखाली फळीवर त्या त्या हत्याराची आकृती रंगवलेली, म्हणजे काय गेलंय ते लांबूनही कळावं. त्याचं एक वाक्य नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. "खिळा रिकामा ठेवायचा न्हाई. खिळ्यावर एक तर वस्तू पायजे, न्हाईतर मानूस."

माणूस म्हणजे बिल्ला. दत्तोबाच्या हिशेबी दोन्हींत फरक नव्हता.

एकदा आमचे जनरल मॅनेजर स्वतः खिडकीशी आले. मोटारीच्या आरशाचा स्क्रू ढिला झाला होता, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हवा होता. दत्तोबानं हात पुढे केला. साहेबांना बिल्ला कुठून असणार? "मी जनरल मॅनेजर आहे," ते म्हणाले. "व्हय की," दत्तोबा म्हणाला, "वळखलं. बिल्ला?" आजूबाजूच्या मशीन हळूहळू थांबल्या. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि तेच मनगटावरून उतरवून खिडकीत ठेवलं. दत्तोबानं ते स्क्रू-ड्रायव्हरच्या खिळ्याला लटकवलं. साहेबांना आरसा बसवून परत यायला तासभर लागला. तेवढ्यात निम्मी शिफ्ट काही ना काही निमित्त काढून खिडकीशी वेळ बघून गेली.

त्याची आणखी एक तऱ्हा होती. कंपनीत सायकली लावायला पत्र्याचा चांगला स्टँड होता, टूल स्टोअरच्या अगदी मागे. दत्तोबा तिथं कधीही सायकल लावत नसे. उन्हातान्हात, पावसात, बाहेर कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवी. कुणी विचारलं तर म्हणे, "विहिरीवर सायकल लावत न्हाईत." आम्हाला वाटायचं, हाही त्याचा असाच काहीतरी कायदा. तिथं विहीर कुठली? तिथं सिमेंटचा कोबा होता.

तर त्या तापाच्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो होतो ते स्टोअरच्या कपाटाची किल्ली आणायला. मी इन्स्पेक्शन खात्यात. मोजमापाची सगळी हत्यारं त्या कपाटात, आणि किल्ली दत्तोबाच्या करगोट्याला. पाणी पिऊन मी आत पाहिलं, तर घराची भिंत म्हणजे आमच्या टूल स्टोअरची धाकटी बहीण. चाळणीला खिळा, विळ्याला खिळा, कंदिलाला खिळा, आणि प्रत्येकाखाली गेरूनं रंगवलेली आकृती. शेजारच्या घरातून त्याची भावजय कढण घेऊन आली होती, ती माझा चेहरा बघून हसायला लागली.

"आमची हौसाक्का हुती तवा तिलाबी बिल्ला हुता, डब्याच्या झाकनाचा," ती म्हणाली. "चाळन घ्यायची तर बिल्ला. एक दिस तिनं भाकरी भाजली न् मांडीखाली झाकून बसली. म्हनली, भाकरी पायजे? टाका बिल्ला. आन टाकला की ह्यांनी."

"रीत म्हंजी रीत," घोंगडीतून आवाज आला.

हौसाबाई त्याची बायको. जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. एकुलती एक मुलगी चाकणला दिलेली. घरात तो आणि त्याचे खिळे.

आणि त्या भिंतीवर मला ती वस्तू दिसली. लाकडाचं कोरलेलं वाडगं, ओंजळीएवढं, तळाशी तीन भोकं. तेलपाणी पिऊन काळंभोर झालेलं. कडेला एका बाजूला घासून घासून गुळगुळीत झालेली खाच. काय आहे म्हणून विचारलं.

"चाडं," दत्तोबा म्हणाला. "पेरनीच्या पाभरीवर बसतं. मानूस चालता चालता ह्यात दाना सोडतो, तीन भोकांतनं तीन नळ्यांत जातो, तीन तासांत, म्हंजी चरांत, पडतो. आमच्यात हौसाच सोडायची. मूठ टेकायची तिथं ती खाच पडली." मग थोड्या वेळानं, "रान गेलं. हे ऱ्हायलं."

मी शहरात वाढलेला माणूस. मला ते लाकडी वाडगं फार आवडलं. आणि त्याहून जास्त मला एक कल्पना आवडली. माझा मेहुणा वसंत, बायकोचा धाकटा भाऊ, शहरातल्या विद्यापीठात मानवशास्त्र शिकवायचा. त्यांच्या विभागाचं दोन खोल्यांचं एक संग्रहालय होतं आणि हा गृहस्थ त्यासाठी दारोदार जुन्या वस्तू मागत हिंडत असे. चार दिवसांनी भाऊबीज होती. तो जेवायला येणार, आणि नेहमीप्रमाणे जेवणभर एकटाच बोलणार. या वेळी त्याच्या ताटासमोर हे ठेवलं तर?

"चार दिवसांसाठी देतोस?" मी विचारलं.

दत्तोबानं घोंगडी घट्ट ओढून घेतली. मला कळलं, त्याला द्यायचं नाही. पण मला हेही कळलं की त्याला नाही म्हणता येणार नाही. मी बिल्ला पुन्हा खिशातून काढला आणि त्याच्यासमोर धरला.

आता लिहितानाही मला हा प्रसंग भरभर उरकावासा वाटतो. तापानं फणफणलेल्या माणसाला मी त्याच्याच कायद्यात पकडलं. तो बिल्ल्याकडे बघत राहिला. मग उठला, चाडं उतरवलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. खिळ्याला बिल्ला अडकवला. भिंतीवर गेरूची वाटोळी आकृती आणि मधोमध चारशे सतरा.

"चार दिस," तो म्हणाला.

भाऊबीजेला वसंत आला. मी ते वाडगं पाटासमोर ठेवलं. त्यानं विचारलं, "हे काय, भावोजी?"

चाडं, पेरणीचं, असं मी सांगू शकलो असतो. पण मग विषय एका वाक्यात संपला असता आणि वसंत पुन्हा बोलायला लागला असता. मी पाणी प्यालो, घसा साफ केला, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "हे पर्जन्यपात्र."

पुढचा पाऊण तास माझा होता. पाऊस लांबला की गावातली सर्वांत वडील बाई सूर्योदयाआधी हे पात्र घेऊन शेतात जाते. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. चारी कोपऱ्यांत पात्रात पाणी ओतते. तीन भोकांतून तीन धारा पडतात: पहिली मृगाची, दुसरी आर्द्रेची, तिसरी पुनर्वसूची. जी धार आधी तुटेल ते नक्षत्र कोरडं. कडेची खाच? तिथं ती अंगठा टेकते आणि पूर्वजांची नावं घेते. हे शेवटचं मला ऐन वेळी सुचलं आणि माझं मलाच इतकं आवडलं की माझ्या अंगावर काटा आला. बायको श्रीखंड वाढायची थांबली. वसंत जेवायचा थांबला. त्यानं उष्ट्या हाताकडे पाहिलं, डावा हात खिशात घालून वही काढली.

जाताना तो ते पात्र छातीशी धरून घेऊन गेला, चिठ्ठीवर देणगीदार म्हणून तुमचं नाव टाकतो म्हणत. मी त्याला थांबवू शकलो असतो. पण थांबवायचं म्हणजे सगळंच सांगायला हवं होतं, आणि त्यानं नुकतंच मला, आयुष्यात प्रथमच, "भावोजी, तुमची निरीक्षणशक्ती विलक्षण आहे" म्हटलं होतं.

पुढे वर्षाच्या शेवटी बिल्ल्यांची तपासणी आली. माझ्याकडे पाचाऐवजी चारच. हरवला म्हणून अर्ज केला आणि नवा मिळाला. तोवर कंपनीनं पितळ बंद करून पांढऱ्या अॅल्युमिनियमचे बिल्ले करायला घेतले होते. चार पिवळे आणि एक पांढरा. माझ्या दृष्टीनं प्रकरण मिटलं.

दत्तोबानं चाडं मागितलं का? कधीच नाही. फक्त महिन्यातून एखाद्या वेळी, मायक्रोमीटर हातात देता देता, तो खिडकीतून म्हणायचा, "दामलेसाहेब, चारशे सतरा माझ्याकडं हाय बरं का."

"असू दे, असू दे," मी हसत म्हणायचो. खात्यात तो एक विनोदच होऊन बसला. मी कुठं दिसलो की पोरं ओरडायची, चारशे सतरा माझ्याकडं हाय बरं का. मीही दत्तोबाची नक्कल करून दाखवायचो. मिशांसकट. लोक पोट धरून हसायचे. सहा-सात वर्षं हा खेळ चालला.

मग माझ्या तोंडानं घात केला. एकदा कॅन्टीनमध्ये कुणीतरी शेजारच्या कंपनीतल्या माणसाचं नाव वर्तमानपत्रात आल्याचं सांगितलं. मी म्हणालो, वर्तमानपत्राचं काय घेऊन बसलात, माझं नाव संग्रहालयात आहे, काचेच्या कपाटात. ग्राइंडिंगवरचा गायकवाड समोरच बसला होता. तो पिंपळे गुरवचा, शिपाईगडी, तोंडाला कुलूप नसलेला. "मंग दाखवा की राव," तो म्हणाला. "दरसाल आपली सहल म्हंजी आळंदी न् देहू, देहू न् आळंदी. औंदा तुमच्या नावाचं दर्शन घिऊ."

आमची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी विद्यापीठ उघडं. सहल ठरली. बारा जणांनी नावं दिली, आणि गुरुवारी सकाळी बसथांब्यावर मी मोजतो तर तेरा. तेरावा दत्तोबा. कडक इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, काखेत छत्री. आयुष्यात कधी सहलीला न आलेला माणूस.

"तू कसा काय?" मी विचारलं.

"म्हटलं, बघावं," तो म्हणाला.

बसमध्ये मी देवाला एकच गोष्ट मागत होतो: ते चाडं वसंतानं आता माळ्यावर टाकलेलं असू दे.

संग्रहालय खरंच लहान होतं. दोन खोल्या, एक व्हरांडा. भिंतीला बाण, कोयते, मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या, दुधीभोपळ्याची भांडी, लाकडी मुखवटे. वसंत दारातच उभा होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. तेरा श्रोते एकदम मिळाल्यानं त्याचा चेहरा उजळला होता. एका कपाटात माणसाच्या डोक्याची मापं घ्यायचे मोठे पोलादी कॅलिपर होते. दत्तोबा तिथं थबकला.

"सर, ह्याचा झिरो कोन तपासतं?"

वसंतनं आम्हाला घाईनं पुढच्या कपाटाकडे नेलं.

त्या कपाटात एक खिळा रिकामा होता आणि त्याला चिठ्ठी: वस्तू अभ्यासासाठी काढली आहे. खाली सही. दत्तोबानं ती दोनदा वाचली. "रीत हाय," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच वसंतकडे आदरानं पाहिलं.

दुसऱ्या खोलीत मी आधी घुसलो. मधोमध, सगळ्यांत चांगल्या कपाटात, खाली हिरवी मखमल अंथरून, ते ठेवलेलं होतं. मी जे केलं ते सांगतो. मी त्या कपाटाला पाठ लावली, दोन्ही हात कमरेवर ठेवून कोपर बाहेर काढले आणि समोरच्या मुखवट्यांबद्दल मोठमोठ्यानं बोलायला लागलो. मुखवट्यांबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. वसंत माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "भावोजी, जरा बाजूला होता का? हे तुमचंच तर आहे."

मी बाजूला झालो. चिठ्ठी सुवाच्य अक्षरात होती. 'पर्जन्यपात्र. पाऊस लांबल्यास करावयाच्या विधीत वापरतात. देणगीदार: श्री. मधुकर दामले, चिंचवड.'

आणि वसंतनं सांगायला सुरुवात केली. सर्वांत वडील बाई. सूर्योदयापूर्वी. मृग, आर्द्रा, पुनर्वसू. माझे शब्द, माझ्याच आवाजाचे चढउतार. मी ज्या ठिकाणी थांबलो होतो त्याच ठिकाणी तो थांबला.

समोर तेरा माणसं. त्यांतली दहा शेतकऱ्यांच्या घरात जन्मलेली. कुणी खेडचा, कुणी मावळातला, एक थेट मराठवाड्यातला. चाडं काय असतं हे त्यांना आईचं दूध सुटायच्या आधीपासून माहीत. मी वाट बघत होतो, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. ते एकमेकांकडे बघत नव्हते, माझ्याकडे तर नव्हतेच नव्हते. सगळे खाली, आपापल्या चपलांकडे बघत होते. शिकलेला माणूस चुकतोय, तर त्याला चारचौघांत कशाला सांगायचं, अशी ती शांतता होती. एकटा गायकवाड माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "दामलेसाहेब, औंदा आमच्या गल्लीतबी पाडा की जरा पाऊस."

दत्तोबा काचेच्या अगदी जवळ गेला होता. त्याच्या श्वासानं काचेवर धुकं आलं, ते त्यानं टोपीनं पुसलं.

वसंतच्या ते लक्षात आलं. "तुम्ही भोसरीचे ना?" त्यानं उत्साहानं विचारलं. "तुमच्याकडे हा विधी अजून करतात?"

दत्तोबानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खिडकीतून हत्यार देताना माणसाचा नंबर बघावा, तसं. मग तो वसंतला म्हणाला, "करायचे, सर. आता रानच ऱ्हायलं न्हाई."

वसंतनं वही काढली आणि ते लिहून घेतलं.

परतीच्या बसमध्ये दत्तोबा माझ्याच शेजारी बसला, छत्री दोन गुडघ्यांत धरून. मी पूर्ण वाटभर तयारीत होतो. आता म्हणेल, चारशे सतरा माझ्याकडं हाय. म्हणाला असता तर मी काहीतरी बोललो असतो, माफी मागितली असती. तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीशी गेलो. त्यानं बिल्ला घेतला, मायक्रोमीटर दिला. तोंडातून शब्द नाही. पंधरा दिवस हेच. सहा-सात वर्षं ज्या वाक्यावर मी लोकांना हसवलं, ते वाक्य त्यानं बंद करून टाकलं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. दत्तोबानं फक्त माझी वाट बघणं सोडून दिलं होतं.

शेवटी मी वसंतकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी रंगवून सांगितल्या आहेत. ही एक मी जमिनीकडे बघत, पाच वाक्यांत सांगितली. वसंत बराच वेळ टाचण्यांचा डबा उघडत-मिटत बसला. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात मी यावर निबंध वाचणार होतो, भावोजी." त्यानं कपाट उघडून चाडं माझ्या हातात दिलं आणि जागेवर चिठ्ठी लावली: वस्तू अभ्यासासाठी काढली आहे. सही मला करायला लावली. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला, पण श्रीखंडाला हात लावला नाही.

गुरुवारी मी भोसरीला गेलो. दत्तोबा अंगणात सायकलची साखळी तेल घालून पुसत होता. त्यानं माझ्या हातातलं, फडक्यात गुंडाळलेलं चाडं पाहिलं, हात धुतले आणि मला आत नेलं.

भिंतीवर गेरूची ती वाटोळी आकृती तशीच होती. मधल्या खिळ्याला माझा बिल्ला. पण तो पितळी दिसतच नव्हता. त्याच्यावर हळदीकुंकवाचे थर होते, वाळून तडकलेले, लाल-पिवळे.

"हे काय?" मी विचारलं.

"खंडेनवमीला आवजारं पुजतो," तो म्हणाला. "चाडं न्हवतं. खिळ्यावर मानूस हुता, मंग त्यालाच पुजलं."

सहा-सात दसरे. मी कंपनीत त्याची नक्कल करत होतो आणि तो इथं माझ्या नंबराला कुंकू लावत होता.

त्यानं चाडं हातात घेतलं. परत आलेलं हत्यार बघावं तसं सगळीकडून पाहिलं. भोकांतून उजेड पाहिला. मग कडेच्या खाचेत स्वतःची मूठ टेकवून बघितली. बसली नाही. "तिची बारीक हुती," तो म्हणाला. चाडं खिळ्यावर गेलं आणि बिल्ला माझ्या हातात आला.

"दत्तोबा, मागितलं का नाही एकदाही?"

"मागायचं न्हाई. बिल्ला हाय तवर मानूस परत येतंच. त्येच्यासाठीच तर बिल्ला." तो खाली बसला. "तुमी पांढरा करून घेतला तवा मला कळलं हुतं, ह्यो मानूस आता यायचा न्हाई. तरीबी आपलं अधनंमधनं सांगत ऱ्हायलो."

पांढरा बिल्ला. अर्थात त्याला कळलं होतं. त्याच खिडकीतून तो मी शंभर वेळा दिला होता.

"आणि वसंतसमोर? माझी लबाडी उघडी का नाही पाडलीत?" त्या दिवसापर्यंत मी त्याला अरे-तुरे करत आलो होतो. तोंडातून अहो-जाहो आपोआप आलं.

"बायकोचा भाऊ समोर," दत्तोबा म्हणाला, "तितं जावयाचं तोंड कशाला काळं करायचं." आणि मग, भिंतीकडे बघत, "सायकल स्टँड हाय ना आपला? तितं आमची हीर हुती. स्टोअर हाय तितं जवारी. हौसा चाड्यावर मूठ धरायची, तर एक तास मोकळं जायाचं न्हाई, दान्याला दाना. पर ते बघितलं कुनी? म्या आन दोन बैलांनी. बैलं गेली. ती गेली." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "त्या दिशी तितं शिकलेली मानसं वाकून बघत हुती. काचंत. खाली मखमल. मला बरं वाटलं बगा. हितं कोन येतंय?"

मी गप्प बसलो. मला गप्प बसता येतं हे मला त्या दिवशी समजलं.

"उद्या परत न्या," तो म्हणाला. "पर चिठ्ठी बदला. आन देनगी न्हाई, उसनं लिवा."

त्यानं उठून चाडं उतरवलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि हात पुढे केला. मी तोच लाल-पिवळा बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला.

आता संग्रहालयात नवी चिठ्ठी आहे. 'चाडे. पेरणीच्या पाभरीवर बसवतात. भोसरीच्या हौसाबाईंच्या वापरातले. उसने.' वसंत म्हणतो, उसनी वस्तू असणारं हे एकच कपाट आहे आणि त्याबद्दल वरिष्ठ त्याला दरवर्षी विचारतात. निबंध त्यानं वाचलाच नाही. मीही आता गोष्टी सांगताना मधेच थांबतो आणि हे खरं आहे का, असं स्वतःला विचारतो. त्यामुळे माझ्या पुष्कळ चांगल्या गोष्टी वाया गेल्या.

दत्तोबा निवृत्त झाला. टूल स्टोअरच्या खिडकीत आता एक हसरा मुलगा असतो, तो बिल्ल्याशिवायही हत्यार देतो. शेवटच्या दिवशी दत्तोबानं सगळ्या खिळ्यांवरून हात फिरवला, सगळ्यांचे बिल्ले ज्याचे त्याला दिले. एक मात्र त्याच्या घरच्या खिळ्यावर राहिला, कारण कंपनीच्या हिशेबी तो कधीच हरवला होता.

दर खंडेनवमीला मी भोसरीला जातो. माझ्या समोर तो बिल्ल्याला हळदकुंकू लावतो आणि मी दुसरीकडे बघतो. गेल्या वर्षी ऊन फार होतं. पोहोचल्यावर मी पाणी मागितलं. दत्तोबानं मग भरला, माझ्यासमोर धरला. मी सवयीनं खिसा चाचपला. निवृत्तीला आलेल्या माणसाच्या खिशात त्या दिवशी एकही बिल्ला नव्हता.

"बिल्ला आणला नाही," मी म्हणालो.

"घ्या," तो म्हणाला. "हाय की माझ्याकडं."